न चालणारे ठिपके

फोन वाजला तेव्हा गुरुनाथ रणदिवे गुडघ्याला तेल चोळत बसले होते.

"काका, लगेच येता का? झाडं मरतायत." शेजारच्या केदारचा आवाज होता. "पोलिसांना बोलावता येत नाही, म्हणून तुम्हाला फोन केला."

"कसली झाडं?"

मग केदार हळूच म्हणाला, "तुम्ही जाळायचात ना, ती."

गुरुनाथ सातारा जिल्ह्यातले निवृत्त फौजदार. नोकरीत त्यांनी गांजा इतका जाळला होता म्हणे, की चौकीच्या वाऱ्यात राहणारी कुत्री चोर दिसला की शेपटी हलवून त्याला वाट दाखवायची. आता ते मुलीकडे, नेत्राकडे, अमेरिकेत बॉथेलला आले होते. आल्यापासून कंटाळले होते. ऑक्टोबर लागला आणि आभाळ जे गळायला लागलं, ते थांबेना. कुठे जायचं तर गाडी, आणि गाडी नेत्राची.

"बाबा, जा तुम्ही," नेत्रानं छत्री हातात दिली. "केदारच्या बायकोची, आसावरीची किमो चालू आहे. मळमळीवर डॉक्टरनीच सांगितलंय तिला. इथे या राज्यात ते लीगल आहे."

"उपटायला बोलावलं असतं तर आनंदानं गेलो असतो," गुरुनाथ पुटपुटले आणि निघाले.

केदारच्या घरी दिवाणखान्यात आसावरी सोफ्यावर पांघरूण घेऊन पडली होती. डोक्याला रुमाल. चेहरा इतका लहान झालेला, की गुरुनाथांनी आधी नजर खाली केली. घरामागच्या लाकडी डेकच्या काचेच्या दाराशी केदारची आई, शरयूबाई, झेंडूचा हार ओवत बसल्या होत्या. बाहेर डेकवर त्यांच्याच कुंड्या ओळीनं. फुलं होती, पण पानं धूळ बसल्यासारखी फिकट.

"वहिनी, झेंडू दमला हो तुमचा."

"थंडी आली की सगळेच दमतात, भाऊ."

टेबलावर किडे मारायचा स्प्रे होता. डब्यावर उताण्या झुरळाचं चित्र.

"आत्ता मारतो आणि मोकळा होतो," केदार म्हणाला.

"थांबा. गांजाची फुलं आसावरी वाफेतून घेते ना?"

"हो."

"मग या डब्यातलं विषसुद्धा तीच घेणार."

केदारनं डबा खाली ठेवला. "मग उपटतो. काय करू, काका?"

"उपटू नका," सोफ्यावरून आवाज आला. आसावरी कोपरावर उठली होती. "सोमवारी पुढचा डोस आहे. मागची फुलं संपली. त्याच्याशिवाय पोटात पाणीसुद्धा राहत नाही माझ्या. गेल्या वेळी वजन बघून डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर डोस थांबवावा लागेल."

गुरुनाथांनी सुस्कारा सोडला. "दाखवा झाडं."

मागच्या खोलीतलं भिंतीतलं कपाट. दार उघडताच आतल्या दिव्यांचा पिवळा उजेड अंगावर आला. आत चार कुंड्या. शेंडे हिरवेगार, फुलं भरत आलेली. पण दाराजवळच्या कुंडीची खालची पानं सुईनं टोचल्यासारखी पांढऱ्या ठिपक्यांनी भरली होती. खोडापाशी बारीक जाळी. मागच्या कुंडीला मात्र काही नाही.

गुरुनाथांनी खालच्या पानाखाली पांढरा कागद धरला आणि पानावर टिचकी मारली. कागदावर लाल ठिपके पडले.

"बघा किती!" केदार म्हणाला.

"श्वास रोखा. फुंकरीनं उडतील."

दोघं कागदावर वाकले. काही ठिपके चालायला लागले. काही जागचे हलेनात.

"लाल कोळी," गुरुनाथ म्हणाले. "पानाच्या पाठीमागे बसून रस पितो. आमच्याकडे वांग्यावर, भेंडीवर येतो. याला पंख नसतात, केदारराव. बंद कपाटात हा आपण होऊन यायचा नाही. कुणीतरी आणलाय."

न चालणारे ठिपके त्यांनी बोटानं चिमटले, चोळले, हुंगले. बोट रुमालाला पुसलं. मग कुंडीच्या मातीत नख घातलं. पांढऱ्या दोऱ्याचं टोक वर आलं.

"झाड बांधलेलं तुम्ही?"

"नाही. माझ्या मित्राचा, विवेकचा असेल. रोपं त्यानंच दिली."

"कधी?"

"जुलैत. सकाळीच फोन करून झापलंय त्याला. म्हटलं, तुझ्या रोपांतूनच ही घाण आली."

"जुलैत आलेला कोळी दसऱ्यापर्यंत उपास करतो का?"

गुरुनाथांनी कपाटाच्या कुलुपाला बोट लावलं.

"किल्ली कुठे असते?"

"किचनमध्ये, हुकला. घरातल्या तिघांना माहितीये."

"आणि तुम्हाला ही झाडं घरात चालतात?"

"काका, ग्रीन कार्ड पेंडिंग आहे. राज्याला चालतं, पण सेंट्रलच्या कायद्यात बसत नाही. बेल वाजली तरी छातीत धस्स होतं."

"कधी वाटलं, आपसूक मेली तर बरं?"

केदारनं दाराकडे पाहिलं. "वाटलं," तो म्हणाला. "पण ती ओकायला लागली की नाही वाटत."

दोघं बाहेर आले. आसावरीनं सगळं ऐकलं होतं.

"केदारला काय विचारताय?" ती थकल्या आवाजात म्हणाली. "आईंना विचारा. झाडं आल्यापासून माझ्याशी धड बोलल्या नाहीत त्या. गांजा ओढणारी सून मिळाली त्यांना."

शरयूबाईंची सुई हारात थांबली.

गुरुनाथ कण्हत त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसले. "वहिनी, देवाची शिळी फुलं कुठे टाकता?"

"काका, आपण किड्यांचं बोलत होतो," केदार म्हणाला.

"मी त्यांना विचारतोय."

"कचऱ्यात नाही टाकत," शरयूबाई म्हणाल्या.

"नदीवर नेता?"

"एकदा नेली होती. एक गोरी बाई बोट नाचवत आली अंगावर. काठावरचं गवत म्हणे तिथल्या घरमालकांच्या असोसिएशनचं."

"मग?"

शरयूबाईंनी पुढचं फूल सुईत ओवलं. काचेवर पाऊस वाजत राहिला.

"बरं, मी सांगतो. चुकलं तर थांबवा." गुरुनाथांनी रुमाल उलगडून टेबलावर ठेवला. त्यावर लाल डाग होता. "कागदावर दोन प्रकारचे ठिपके पडले. चालणारे आणि न चालणारे. चालणारा कोळी. न चालणारं हे. वास घ्या."

केदारनं वास घेतला. "कुंकू?"

"गांजाच्या झाडावर कुंकू येतं कुठून? देवाला वाहिलेल्या फुलांवरून. मातीतला दोरा झाड बांधायचा नव्हे, हाराचा. हार कशाचा? बाहेर बघा. झेंडूची पानं धुळीनं फिकट झालेली नाहीत, आतल्यासारखीच टोचलेली आहेत. झेंडू म्हणजे या कोळ्याचं माहेर. तो फुलांत बसून देव्हाऱ्यात गेला, दुसऱ्या दिवशी निर्माल्यातून कुंडीत आला आणि खोडावरून वर चढला. म्हणून आधी खालची पानं गेली. मागच्या कुंडीपर्यंत हात पोचत नाही, म्हणून ती वाचली. विवेक सुटला. केदारराव, तुम्हीही सुटलात."

"आई?" केदार म्हणाला.

"एक गोष्ट मात्र मला कळली नाही, वहिनी," गुरुनाथ म्हणाले. "डेकवर तुमच्याच कुंड्या होत्या. माती तिथेही होती. मग कपाटात का?"

शरयूबाईंनी हार मांडीवर ठेवला.

"झेंडूला निर्माल्य घालून काय करायचंय?" त्या म्हणाल्या. "हिचं औषध त्या झाडांना व्हायचं होतं. रोज पूजा झाली की देवाला सांगायची, हिच्या पोटात चार घास राहू देत. आणि कालची फुलं नेऊन तिथे पुरायची. केदार ऑफिसला गेला की."

आसावरी त्यांच्याकडे बघत राहिली. "मला वाटलं, तुम्हाला माझी लाज वाटते."

"वाटायची. खोटं कशाला बोलू? मग एक दिवस ती वाफ घेऊन तू अर्धी पोळी खाल्लीस." त्यांनी डोळे पदरानं टिपले. "आता मीच मारली ना गं झाडं?"

"नाही मेली," गुरुनाथ उठत म्हणाले. गुडघा कडकन वाजला. "शेंडे चांगले आहेत. टोचलेली पानं काढा. भांडी घासायचा साबण चमचाभर, बादलीभर पाणी, आणि एकेक पान पाठीमागून पुसायचं. मग साध्या पाण्यानं पुन्हा पुसायचं. फुलांना साबण लागू द्यायचा नाही. अंडी एका फेरीत मरत नाहीत, तेव्हा चार दिवसांनी पुन्हा. दाराजवळची कुंडी गराजमध्ये वेगळी. आणि झेंडू घरात नको."

"कोण पुसणार एवढी पानं?" केदार म्हणाला.

"आरोपी," आसावरी म्हणाली. खूप दिवसांनी त्या घरात कुणीतरी हसलं. शरयूबाई पदर खोचून बादली आणायला गेल्यासुद्धा. केदार फोन घेऊन कोपऱ्यात गेला. "विवेक, यार, सॉरी," एवढंच ऐकू आलं.

झेंडूची झाडं मुळासकट निघाली. दोन पिशव्या भरल्या, तोंडं घट्ट बांधली.

"भाऊ, कचऱ्यात नको हं," शरयूबाई म्हणाल्या.

"कचऱ्यात कशी टाकेन? मुद्देमाल आहे."

पिशव्या नेत्राच्या गराजमध्ये आल्या. ती रोज विचारायची, "बाबा, टाकू का हे?" आणि गुरुनाथ पेपरमधून डोकं न काढता म्हणायचे, "निकाल लागल्याशिवाय मुद्देमाल हलवता येत नाही."

सोमवार गेला. मंगळवारी जेवणाच्या सुमारास फोन वाजला.

"भाऊ," शरयूबाईंचा आवाज दमलेला होता, पण हलका. "फुलं झाली कामापुरती. मऊ भात खाल्ला तिनं. दोन वाट्या."

"राहिला?"

"राहिला."

गुरुनाथांनी फोन ठेवला. गराजमधून फावडं घेतलं, पिशव्या उचलल्या आणि छत्री न घेताच कुंपणापाशी जाऊन खड्डा खणायला लागले.