ओयदिनची खुंटी

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या. हे माझ्या शेजारच्या घरात घडलंय. आमच्या ओकतूत गावात, जानेवारीतल्या एका धुक्याच्या सकाळी.

ताश्कंद इथून तासाभरावर. पूर्वी गाव कापसावर जगायचं, आता शहरातल्या पगारावर जगतं. सकाळी व्हॅनमध्ये बसून अख्खं गाव निघून जातं. मागे उरतात म्हाताऱ्या, कोंबड्या आणि माझ्यासारख्या रिकामटेकड्या.

आणि खुंट्यांवरच्या रोट्या.

लांब जाणाऱ्याने रोटीचा एक घास तोडून खायचा, उरलेली त्याच्या खुंटीवर ठेवायची, परतल्यावर त्यानेच ती संपवायची, ही आमच्या लोकांची जुनी रीत. आमच्या गावात रोज कामाला जाणारेही ती पाळतात. कारण शहराची बस सुरू झाली त्याच वर्षी ती धुक्यात कालव्यात पडली. सगळे सापडले. माझ्या शेजारच्या हबीबाआपांची लेक ओयदिन तेवढी सापडली नाही.

तिची उष्टी रोटी अजून तिच्या खुंटीवर आहे. पार दगड झालीय.

त्या घरची सून सनोबर. शहरातली, फटकळ, पण मला फार आवडते.

त्या सकाळी तिच्या भावाचा फोन आला. दुपारी आईचं ऑपरेशन होतं, आई सारखं तिचंच नाव घेत होती.

घरात वीज नव्हती. सनोबरने अंधारातच रोटीचा घास तोडला, उरलेली फडक्यात बांधून खुंटीला अडकवली आणि पळाली.

"अगं, चहा तरी घे," आपा ओरडल्या.

"आल्यावर घेते. तुमचा चहा काय पळून जातोय?"

व्हॅन निघाली. काचेबाहेर नुसतं पांढरं. बऱ्याच वेळाने ती थांबली.

सनोबर उतरली...

समोर ओकतूतची शाळा.

"मला शहरात जायचं होतं," ती ड्रायव्हरला म्हणाली.

"गंमत करता का, ताई? परतीच्या फेरीला तुम्ही शहरातूनच तर चढलात."

तिने दुसरी व्हॅन पकडली. पुन्हा शाळा.

मग ती पायीच निघाली. अपघातानंतर रस्ता कालव्यापासून लांब नेलाय, तरी पाणी कानाशी वाहत होतं...

आणि पावलं. ओली. समोरून येणारी.

"कोण आहे?"

पावलं थांबली नाहीत. तिच्या अंगाला घासून शहराकडे निघून गेली. ती पुढेच चालत राहिली, आणि रस्त्याने तिला घराच्या फाटकाशी आणून सोडलं.

आत आपा भिंतीकडे बघत उभ्या होत्या.

"तुझी रोटी कुठे लावलीस?"

"माझ्या खुंटीला."

तिची खुंटी मोकळी होती. तिचं फडकं ओयदिनच्या खुंटीवर लोंबत होतं. चिंब ओलं. आत फक्त चार तीळ उरले होते... शेजारची जुनी रोटी जशीच्या तशी.

आपांनी फडकं खाली काढलं. "रोटी संपली म्हणजे माणूस घरी आलं. तू घरी आलीस, पोरी. आता जाणार कशी?"

"पण खाल्ली कुणी?"

आपांनी ते ओलं फडकं छातीशी धरलं. त्या रडत होत्या. आनंदाने.

संध्याकाळी भावाचा फोन आला.

"बरं झालं तू वेळेवर पोचलीस. आई तुझा हात धरूनच आत गेली. किती गार हात गं पोरी, म्हणाली. मग शुद्धीवर आलीच नाही. तू मधेच कुठे गेलीस? आणि एवढी भिजली कशी होतीस?"

आईच्या मातीलाही सनोबर पोचली नाही.

हिवाळा सरला. अजूनही प्रत्येक व्हॅन तिला शाळेपाशीच सोडते. आता ती बसतही नाही. सकाळी फाटकाशी उभी राहून जाणाऱ्या प्रत्येकाला निरोप देते.

"शहरात ओयदिन दिसली तर सांगा. तुझी रोटी तशीच आहे म्हणावं. येऊन खा, म्हणजे मला जाता येईल."

परवा मी ताश्कंदच्या बाजारात गेले होते. तिथे मला सनोबर दिसली. तोच रुमाल, तीच चाल. कडक ऊन पडलेलं, आणि तिच्या केसांतून पाणी ठिबकत होतं...

ती माझ्याकडे बघून ओळखीचं हसली.

निरोप माझ्या ओठांवर आला होता. पण माझी छाती झाली नाही. मी मान खाली घालून पुढे निघाले.

गावात उतरले तर सनोबर फाटकाशीच उभी होती.

"दिसली का हो?"

"नाही गं," मी म्हटलं.