उरलेली अर्धी ओळ

अवनी, राजस, दिवा राहू दे बंद. आपल्या मीनलच्या ऑफिसातल्या सौमित्रची गोष्ट आहे, खरी घडलेली.

काम साधंच होतं. इथेच सिंगापुरात, वुडलँड्सला, त्याच्या शेजारच्या फ्लॅटमधले थॉर्नली अंकल वारले. मूळचे इंग्लंडचे, एकटे. घरमालकाने सौमित्रला किल्ली दिली, पुस्तकं तेवढी खोक्यात भर म्हणाला. गेल्या ऑगस्टअखेरचा शुक्रवार, रात्रीचे पावणेबारा. खाली चिनी मंडळी त्यांच्या सातव्या महिन्यात, भुतांच्या महिन्यात, मेलेल्यांसाठी जाळतात ते कागद जाळत होती.

अंकलना हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजी वीरकाव्याचं भारी वेड. दर शुक्रवारी टेबलावर थाप मारून ते अर्धी ओळ म्हणत, उरलेली अर्धी सौमित्रने म्हणायची. त्याचंही इथे दुसरं होतं कोण? एकदा बिअर पिताना अंकल म्हणाले, "ते योद्धे पेला हातात धरून दिलेला शब्द मोडत नसत. बोल काहीतरी!"

सौमित्रने हसत ग्लास उचलला. "शेवटपर्यंत तुमच्या शेजारी उभा राहीन, अंकल."

अंकल गेले त्या रात्री तो मीटिंगमध्ये होता. त्यांचे दोन मिस्ड कॉल दिसले. उद्या बोलू, मनाशी म्हणाला.

खोका भरताना तेच त्याला खात होतं. "सॉरी, अंकल," तो रिकाम्या खोलीत म्हणाला.

टेबलावर थाप पडली.

मग आवाज. घोगरा, ओळखीचा. अर्धी ओळ... आणि थांबला.

सौमित्र वळला. टेबलाशी कुणी नव्हतं.

पुन्हा थाप. तीच अर्धी ओळ. आता जवळून...

काय म्हणालीस, अवनी? 'डोंट, लाह'? नको म्हणतेस? बरं, हळू सांगतो.

दार उघडं होतं. पळता आलं असतं. पण त्या आवाजात राग नव्हता गं. नुसती वाट बघणं होतं. सौमित्रला रडू फुटलं. रडत रडत त्याने उरलेली ओळ म्हटली.

शांत...

मग त्याचा उजवा दंड कुणीतरी धरला. हळूच.

सकाळी तो तिथेच झोपलेला सापडला. पुण्याला कायमचं परतायचं ठरलं होतं, ते त्याने रद्द केलं. 

मागच्या महिन्यात त्याने मला बाही वर करून दाखवली. अंकलच्या त्या वीरकाव्यांतले राजे शब्द देणाऱ्या आपल्या माणसाच्या दंडात सोन्याचं कडं घालत, मग तो जन्मभर त्यांचा. सौमित्रने आयुष्यात कधी कडं घातलेलं नाही. पण दंडाभोवती कड्याचा वळ आहे. खोल, अजून ताजा.

मी बोट लावून पाहिलं... गार होता.