पाठीवर थाप पडेपर्यंत

नाटक कंपनीत कपड्यांचं काम करणाऱ्या बाईला नावाने कुणी हाक मारत नाही. हिला सगळे टाचणी म्हणायचे. तोंडात सदा टाचण्या धरून बोलायची सवय, त्यामुळे बोलणंही तसंच, तुटक, ओठ न उघडता. कंपनीची बस नव्या गावात थांबली की सुतार देखावे उतरवायला लागायचा आणि ही आपल्या ट्रंका ओढत थेट रंगपटात शिरायची. आरसा तडकलाय का, इस्त्रीची पिन भिंतीत बसते का, कपडे टांगायला खिळे आहेत का, एवढं पाहिलं की तिच्या लेखी गाव पाहून झालं. "अगं, जरा बाहेर पड, दोन रस्ते बघ," असं कुणी म्हणालंच, तर म्हणायची, "सगळ्या गावांत खिळे सारखेच."

तिची खरी परीक्षा दुसऱ्या अंकात. नायिका निळ्या झग्यात रंगमंचावरून विंगेत येते, दिवे जातात, आणि दिवे परत येतात तेव्हा ती काळ्या झग्यात, नवरा गेल्याची बातमी ऐकलेली, बाहेर उभी हवी. मधे वेळ किती? पहिल्या रांगेतल्या कुणाला नीट खोकून घेता येईल, तेवढा. विंगेत तर डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख. सगळं काम हातांचं. नटी येऊन पाठ करून उभी राहते. टाचणी निळा झगा उतरवते, काळा चढवते, पाठीचे हूक लावते आणि शेवटी पाठीवर एक थाप देते. थाप पडली की जायचं, पडली नाही की हलायचं नाही. पूर्वी एक नटी थाप पडायच्या आधीच पळाली होती आणि उघड्या पाठीने रडण्याचा प्रवेश करून आली होती. लोक हसून हसून बेजार. त्या दिवसापासून मालकांनी हा कायदाच केला. आणि अंधारात तोंडातून शब्द काढायचा नाही, कारण पुढच्यांना ऐकू जातो.

ती पाठ कित्येक वर्षं टाचणीच्या सख्ख्या मोठ्या बहिणीची होती. ताई कंपनीची नायिका, आणि टाचणी तिला कपडे घालणारी. दोघींचं याबद्दल कधी काही बिनसलं नाही. "मी दिसते ती तुझ्यामुळे," ताई म्हणायची, आणि टाचणी म्हणायची, "हात वर कर, बोलू नकोस."

मग एका गावातल्या दुपारच्या प्रयोगात ताई निळ्या झग्यात डाव्या विंगेकडे वळली. टाचणीने तिला येताना पाहिलं. दिवे गेले. टाचणी काळा झगा उघडा धरून उभी राहिली, आणि हातात कुणी आलंच नाही.

दिवे आले तेव्हा रंगमंच रिकामा होता. मधल्या जागेत ना दार, ना जिना. सुताराने फळ्या उचकटून पाहिल्या, खाली नुसती वाळू. पोलीस आले, चहा पिऊन गेले. कंपनीने मात्र आपल्यापुरता निकाल लावून टाकला. दिसायला चांगली होती, हसून बोलायची, कुणाचा तरी हात धरून गेली. रंगपटात कुणी म्हणालं, त्या गावच्या एका डॉक्टरची मोटार बाहेर उभी असायची. कुणी म्हणालं, डॉक्टर नव्हे, वकील. प्रयोग अर्धा टाकून जाणाऱ्याचं नाव कंपनीत घ्यायचं नाही, ही तिथली जुनी रीत. दुसऱ्या दिवसापासून ताईचं नाव बंद झालं. तिच्या आरशासमोर कुणीतरी आपला डबा ठेवला.

टाचणीला रडू आलं नाही. राग नाही, कळ नाही, काही नाही. हातावर झोपल्यावर हात जसा आपलाच असून आपला वाटत नाही, तसं तिला सगळं अंग वाटायचं. इस्त्री करताना बोट भाजलं तेही तिला वासावरून कळलं.

आई रोज फोन करायची.

"काही कळलं का गं?"

"नाही, आई."

"बरं. जेवलीस?"

"हो. तू?"

यावर आई फोन ठेवायची. शेजारच्या काकूंनी फोन घेऊन एकदा स्पष्टच सांगितलं, "पोरी, ही दोन घास खाते आणि ताट सारते. थोरली आली नाही तर ही काही राहत नाही बघ." टाचणीने ते ऐकलं, फोन ठेवला आणि बटणांची काजं करायला बसली. आपली आई चालली आहे, ताई आली तरच थांबेल, हे तिला पक्कं कळलं होतं. नुसतं कळलं होतं. पुढे काही होत नव्हतं.

ताईच्या जागी एक मुलगी आली. तिला सगळे नवी म्हणायचे. नवी शहाणी होती, सांगितलेलं ऐकायची, आणि गुदगुल्या होतात म्हणून हूक लावताना दातांनी ओठ धरून ठेवायची. "मावशी, मी हलले का हो?" असं प्रयोगानंतर रोज विचारायची.

"मावशी काय म्हणतेस? म्हातारी झाले का मी?"

"मग काय म्हणू?"

"काही नको म्हणूस. हलली नाहीस."

डावी विंग आता कुणालाच नको होती. मालकांनी नायिकेचं जाणं उजवीकडे वळवलं. नवीच्या मापाचा काळा झगा शिवला. ताईचा काळा झगा ट्रंकेत तळाशी राहिला, कारण तो फेकून दे असं म्हणायचं तर नाव घ्यावं लागलं असतं.

चूक झाली ती अशी. पुढच्या एका गावात नाट्यगृह उलटं होतं, रंगपट डाव्या हाताला. दुसरा अंक आला, टाचणीने ट्रंकेच्या तळातून काळा झगा ओढला आणि पाय सवयीने डाव्या विंगेत गेले. दिवे गेले. तेव्हा तिच्या लक्षात आलं, अगं बाई, नवी तर पलीकडे!

ती वळणार, तोच समोर कुणीतरी येऊन पाठ करून उभं राहिलं.

हातांनी विचार केलाच नाही. निळा उतरवला, काळा चढवला. पाठ ऊन होती, श्वास जोरात चालला होता, नुकतंच मोठं भाषण करून आल्यासारखा. हूक लावत बोटं मानेखाली पोचली, आणि तिथे ते हाड लागलं. लहानपणी झोपाळ्यावरून पडून बाहेर आलेलं. ते हाड टाचणीने लहानपणी कितीदा तेल लावून चोळलं होतं.

आणि तिने थाप दिली. शेवटच्या हुकानंतर हात आपोआप उठतो, तसा उठला आणि पडला. पाठ पुढे सरकली, गेली.

दिवे आले. रंगमंचावर नवी होती, तीही निळ्या झग्यात, विंगेत कुणीच सापडलं नाही म्हणून तशीच परतलेली, भांबावलेली. तिने नवरा गेल्याचं रडणं निळ्या झग्यातच रडून घेतलं. मागून कुणीतरी शिट्टी मारली. टाचणीच्या हातात दुसरा निळा झगा होता. ताईचा. पाठीला घामाने ओलाचिंब.

मालकांनी प्रयोगानंतर तिला फैलावर घेतलं. तिने तो झगा पुढे केला. मालकांनी हात लावला आणि लगेच काढून घेतला.

"कुठे मिळाला?"

"डाव्या विंगेत. तिच्या अंगावर."

मालकांनी इस्त्रीची वायर उगाच गुंडाळून ठेवली. मग म्हणाले, "ट्रंकेत ठेव. आणि हे बघ, पुन्हा त्या विंगेत गेलीस तर तुला घरी पाठवीन. मी काही ऐकलेलं नाही."

तिने झगा दोरीवर टाकला. शेजारचे मोजे वाळले, टॉवेल वाळले. झगा दुसऱ्या दिवशीही तसाच ओला होता, आणि हात लावला तर ऊनही.

त्यानंतर टाचणी उजव्या विंगेतच उभी राहू लागली. पण आता ती समोर बघायची. मधल्या अंधारापलीकडे, डाव्या विंगेत, काळोखाहून थोडं जास्त काळं काहीतरी उभं असायचं. पाठ करून, हूक लावलेलं, तयार. ती नवीच्या पाठीवर थाप द्यायची, नवी रंगमंचावर जायची, दिवे यायचे, आणि पलीकडे नुसती भिंत. दर प्रयोगाला हेच. टाचणीला हळूहळू उमगलं. ताईला ती थाप मिळाली होती, पण तिची जागाच भरलेली होती. एका प्रवेशात दोन नायिका कशा जाणार? म्हणून ती परत येऊन उभी राहत होती.

"काही कळलं का गं?" आईचा आवाज आता फार खालून यायचा.

"आई, जेव थोडं," टाचणी म्हणाली. "येईल ती."

"तुला काय माहीत?"

"तू जेव."

पुढच्या दुपारी तिने दिवेवाल्याला सांगितलं, हूक नवे आहेत, कडक जातात, जरा जास्त थांब. तो बरं म्हणाला. नवी आरशासमोर बसून केस बांधत होती. तिने आरशातूनच हसून टाचणीकडे पाहिलं. टाचणीला वाटलं, आपल्याला आता काहीतरी वाटायला हवं. तिने थोडा वेळ वाट पाहिली. काही वाटलं नाही.

दुसरा अंक. नवी आत आली. दिवे गेले.

निळा उतरला. काळा चढला. हूक लागले, खालपासून वरपर्यंत.

टाचणीने हात उचलला, आणि खाली घेतला. थाप दिली नाही.

नवी तशीच उभी राहिली. शहाणी मुलगी. सांगितलेलं ऐकणारी.

टाचणी मागच्या पडद्याआडून, भिंतीला हात लावत, पलीकडे गेली. पाठ तिथे होती. ऊन. तिने बोटांनी ते हाड चाचपलं, एकदा, मग पुन्हा एकदा.

मग तिने थाप दिली.

दिवे आले. ताई रंगमंचावर होती. काळ्या झग्यात, नवरा गेल्याची बातमी ऐकलेली. ती रडली आणि सगळं नाट्यगृह तिच्याबरोबर रडलं.

उजव्या विंगेत कुणी नव्हतं.

प्रयोगानंतर ताई रंगपटात आली, आपल्या आरशासमोरचा दुसऱ्याचा डबा बाजूला केला आणि तोंडाचा रंग पुसायला बसली. कुणी काही विचारलं नाही. मालक दारात आले, ताईकडे पाहिलं, टाचणीकडे पाहिलं, आणि बस कधी निघणार ते सांगून गेले.

"आज थाप द्यायला किती वेळ लावलास गं," ताई म्हणाली. "मला वाटलं विसरलीसच."

"हूक अडकला होता," टाचणी म्हणाली.

आई फोनवर हुंदके देऊन रडली, आणि रडता रडता जेवली. काकूंनी सांगितलं, दोन वेळा भात मागून घेतला. नवीबद्दल रंगपटात ठरायला एक दुपार पुरली. वय असं, रूप तसं, कुणाचा तरी हात धरून गेली. दुसऱ्या दिवशी तिचं नाव बंद झालं. तिचे वडील आले, टोपी हातात धरून दाराशी उभे राहिले, आणि टाचणीने त्यांना मुलीची पिशवी आणून दिली. "काही कळलं का हो?" त्यांनी विचारलं. टाचणी नाही म्हणाली. तिच्या तोंडात टाचण्या होत्या.

आता जाणं पुन्हा डावीकडून असतं. ताईची पाठ हातात येते, निळा उतरतो, काळा चढतो. टाचणी समोर बघायचं नाही असं ठरवते आणि बघते.

उजव्या विंगेत, तशीच काळोखाहून काळी, नवी पाठ करून उभी असते. हुकांत अडकू नयेत म्हणून तिने सुटलेले केस एका हाताने मानेवरून वर धरलेले असतात.

टाचणी ताईच्या पाठीवर थाप देते.

काल, दिवे यायच्या जरा आधी, नवीने केस या हातातून त्या हातात घेतले.