ओला आवाज

दार लोटून घ्या रे कुणीतरी, आणि जवळ सरका. हे ऐकीव नाही, माझ्या मेहुण्याच्या बाबतीत घडलेलं आहे. मेहुणा इलेक्ट्रिशियन. भुतापेक्षा उघडी वायर वाईट, असं म्हणणारा माणूस.

गेल्या फेब्रुवारीतला दुसरा शनिवार. रात्री अकराच्या सुमारास तो वडिलांचं औषध घेऊन घरी आला. वडिलांना अर्धांगवायू झालेला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, गिळणंही अवघड. गोळी कुटून देणार होता, पण औषधवाल्याने अडवलं. ही कुटायची नसते, पातळ औषध न्या म्हणाला. दवाखान्यातल्या सिस्टरनेही पढवलं होतं, की ताठ बसवा, हनुवटी खाली घ्या, पातळ काही असलं तर पावडर घालून दाट करा. आणि घशात पाणी अडकल्यासारखा ओला आवाज आला, तर लगेच थांबा.

बहीण माझी रात्रपाळीला. घरात बापलेक दोघंच. हा दिवसभर शिडीवर चढून पार पेंगुळलेला. वडील आडवे, डोळे मिटलेले. चमचाभर तर औषध, कशाला उठवायचं म्हणून त्याने चमचा तसाच ओठांशी नेला.

मनगट कुणीतरी धरलं.

गार बोटं. वडिलांचा चालता हात पांघरुणात होता... हललाही नव्हता.

कानाशी आवाज आला. ओला. बुडबुड्यांतून आल्यासारखा.

“आधी... बसव त्यांना.”

त्याने मागे पाहिलं नाही. धीरच झाला नाही. पकड सुटली तशा उशा लावल्या. वडिलांना ताठ बसवलं. पावडर कालवली. हनुवटी खाली. चमचा. एक घोट गेला.

“अजून एकदा... गिळायला सांग.”

“बाबा, परत गिळा,” हा कसाबसा म्हणाला.

वडिलांनी गिळलं. ठसका नाही. खोकला नाही.

मग तो आवाज... परत आलाच नाही.

वडील मात्र याच्या खांद्यावरून मागे बघत होते. बघता बघता त्यांनी डावा हात उचलला आणि कपाळाला लावला. उपकार मानावेत तसा.

कितीतरी वेळाने हा वळला. कोणी नव्हतं. कडी आतून.

सकाळी बहीण आली तेव्हा वडील उशांना टेकून शांत झोपलेले, आणि हा खाली फरशीवर, त्यांचे पाय धरून बसलेला. पुढे त्याने आजूबाजूला चौकशी केली. त्या घरात घशात पाणी अडकून कुणी गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

हल्ली तो लांब बाह्यांचे शर्ट घालतो. एकदा बाही सरकवून मला दाखवलं. मनगटावर निळे वळ. अजून गेलेले नाहीत. चार बोटं आहेत...

एवढीशी. पाच-सहा वर्षांच्या पोरीची असतात ना, तेवढी.