वाळूखालचा हापसा

पटो न पटो, हे घडलंय. मनोवरा माझी सख्खी मावशी. तिच्या तोंडून ऐकलं, तसंच सांगतोय.

बांगलादेशात, ढाक्याच्या वर, सिराजगंजजवळ ब्रह्मपुत्रेला यमुना म्हणतात; तिच्या पात्रातल्या बेटावर मावशीचं घर होतं. त्या भादव्यात नदी काठ कापत सुटली. सकाळी शेत गेलं, दुपारी गोठा. मावशीने आणि तिच्या नवऱ्याने, रुस्तमकाकाने, घराचे पत्रे उतरवून नावेत भरले.

तिचा सासरा इस्राफिल मात्र हापसा सोडेना.

"आब्बा, चला! लोखंडापायी मरायचंय का?" काका ओरडला.

"नव्या जागी पाणी काय तुझा सासरा पाजणार? व्हा पुढे. उपटून आणतो."

नाव जेमतेम सुटली...

धप्प.

काठ गेला. त्याच्यासकट म्हातारा गेला. प्रेतही सापडलं नाही.

पौषात पाणी उतरलं. त्याच जागी नवी वाळू वर आली. नवी वाळू म्हणजे नवी जमीन. दोघं भुईमूग पेरायला गेली. काका पार त्या टोकाला, मावशी इकडे.

भर दुपार होती.

अचानक वारा पडला. पाण्याचा आवाजही थांबला...

खटक्... खटक्...

कुणीतरी हापसा मारत होतं.

आजूबाजूला नुसती वाळू.

"बौमा... कळशी आण गं. गोड पाणी लागलंय..."

बौमा म्हणजे सूनबाई. सासराच तिला तसं म्हणायचा.

तिच्या तोंडून निघून गेलं, "आले, आब्बा."

ती चालत सुटली. वाळू ओली लागली... मग घोटा बुडाला... मग गुडघा...

मागून काकाने तिचा दंड धरून तिला खेचलं. दोघं उताणी पडली.

समोरची अख्खी वाळू आवाज न करता नदीत बसली.

घर गेल्यापासून ती दोघं नदीच्या बांधावर झोपडी घालून राहत होती. संध्याकाळी तिथे तिने विचारलं, "तुम्हालाही हापसा ऐकू आला?"

"कसला हापसा?"

"मग धावत कशाला आलात?"

काकाने झोपडीचं दार ओढून घेतलं.

"आब्बा माझ्या पाठीमागे उभे होते. म्हणाले, 'धर तिला. तिकडे बोलावतोय... तो मी नाही.'"

मग तो कोण होता?

मावशी आजही त्याच बांधावर राहते, पाण्याकडे पाठ करून बसते. विचारलं तर एवढंच म्हणते, "मी त्याला 'आले' म्हणून बसलेय रे."

यंदा नदी बांधाला येऊन लागलीय.