एक्कावन्नची फुंकर

बारा वर्षं दगड घासायच्या कारखान्यात काढली. छातीत नुसता भुगा. सरकारी तपासणीला गेलो तर फुंकायची नळी धरून ती उभी. गालावर पेनाची निळी रेघ.

"जोरात फुंका हं!"

आता तिच्यासमोर मेल्यासारखं फुंकायचं? जीव खाऊन फुंकलं. डोळ्यांपुढं काजवे! फुप्फुसाच्या ताकदीचा आकडा आला एक्कावन्न.

"वा!" ती हसली.

बाहेर पडताना दारावरचा कागद वाचला. पन्नासच्या खाली आकडा असेल त्यालाच योजनेतून औषधं अन् श्वासाचं मशीन. कारखान्यातला लंब्या एकोणपन्नासवर अडला, त्याला मशीन मिळालं. मला... तिचं "वा".

तीन महिन्यांनी ती फॉर्म घेऊन दारात.

"मशीन नाही दिलं, अन् आता चौकशी?"

"तुम्ही अन् लंब्या जवळपास सारखेच आजारी. मधे फक्त पन्नासची रेघ. दोघांचं पुढं काय होतं त्यावरून योजनेचा उपयोग कळतो."

"म्हणजे मी खंगलो की तुमचं गणित सुटलं!"

ती हसली नाही.

मग दर महिन्याला यायची.

"शर्ट नवा?"

"धुतलाय फक्त."

"फॉर्मात लिहू?"

हसलो की खोकला, खोकल्यात रक्त. ती पाणी द्यायची अन् खिडकीकडं बघत बसायची.

सहाव्या फेरीला तिनं विचारलं, "तपासणीत आकडा हलवायला मुद्दाम काही केलं होतं?"

"केलं होतं."

पेन थांबलं.

"समोर तुम्ही होतात — म्हटलं, हिला मरतुकडा दिसायला नको. नाहीतर कारखान्याच्या डॉक्टरकडं कधी चव्वेचाळीसच्या वर गेलो नव्हतो... परत फुंकू?"

"योजनेत एकदाच असतं. नाहीतर सगळेच हळू फुंकतील." तिचा आवाज फाटला. "वेडे आहात का हो?"

तिनं माझ्या नावावर काट मारली. "मुद्दाम आकडा हलवलेला माणूस तुलनेला चालत नाही. तुम्ही बाद."

जिन्यावरची तिची पावलं शेवटपर्यंत ऐकली. मशीन गेलं, आता हीपण.

रविवारी दार वाजलं. फॉर्म नव्हता. दोन्ही हातांत जड खोकं.

"माझ्या वडिलांचं श्वासाचं मशीन. ते गेल्यापासून कपाटात होतं."

"एवढे दिवस?"

"यादीतल्या माणसाला दिलं असतं तर सगळी तुलना खोटी ठरली असती. दर फेरीला वाटायचं आणावं... नाही आणलं." ती रडत होती. "उशीर झालाय. किती, ते मला माहीत नाही."

रागवावं तर तेवढा दम कुठं होता!

"रोज याल?"

"रोज."

तिनं मास्क माझ्या नाकावर बसवला. "हळू."

तिच्यासमोर पहिल्यांदाच मी हळू श्वास घेतला.