किल्ली नसलेला दारवान

रंगपंचमीच्या दुपारी सगळं इंदूर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला राजवाड्याकडे लोटलं होतं. उर्वी मात्र स्कूटर काढून उलट्या दिशेनं तुकोगंजला निघाली. काम साधंच होतं. ऑफिस रिकामं असताना सरलाकाकूंची तक्रार बघायची आणि चहाच्या वेळेला घरी परतायचं.

सरलाकाकू राजेंद्र नगरात तिच्याच गल्लीत राहायच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या. त्यांची एकुलती एक लेक, रुची, सहाव्या वर्षी तापानं गेली. त्याला आता चाळीस वर्षं होत आली. तिचे मूळ फोटो वाळवीनं खाल्ले, पण त्याआधी उर्वीनं त्यांच्या कॉप्या करून ऑफिसातल्या मशीनवर ठेवल्या होत्या. काकू रोज सकाळी फोनवर ते फोटो उघडून बघायच्या. त्या दिवशी त्यांचा फोन आला तेव्हा आवाज रडवेला नव्हता, गोंधळलेला होता.

"उर्वी, अगं, रुचीच्या फोटोत रुची नाहीये."

"म्हणजे कटली का काकू? फ्रेम सरकली असेल."

"नाही गं. झोपाळा आहे, पायरी आहे, मागे माझ्या साड्या वाळतायत... पोरगीच नाहीये. अन् झोपाळा असा तिरका आहे, जसं आत्ताच कोणी उतरलं."

उर्वीचं ऑफिस लोकांचे जुने फोटो आणि कॅसेटी साफ करून सांभाळायचं. एका मोठ्या मशीनच्या पोटात लहान लहान मशीन्स मांडलेल्या होत्या, दर कुटुंबाला एक. त्या खऱ्या लोखंडाच्या नव्हत्या, नुसत्या प्रोग्रामच्या. प्रत्येकीला वाटायचं, आपण एकटीच आहोत. प्रत्येकीला बाहेरच्या जगातला एकच फोल्डर दिसायचा, त्या कुटुंबाचा. प्रत्येकीच्या दाराशी तो फोल्डर आत नेऊन देणारा जो प्रोग्राम होता, त्याला ऑफिसात सगळे दारवान म्हणायचे.

खोट एवढीच होती, की दारवानाच्या कमरेला सगळ्या घराच्या किल्ल्या होत्या. तो रूट म्हणून चालायचा, म्हणजे मशीनवर त्याला कुठलंच दार बंद नव्हतं. आतल्या कुणी त्याला फसवलं तर तो कुठल्याही कुटुंबाच्या फोल्डरमध्ये शिरू शकत होता. उर्वीनं मालकाला, आशिषभियाला, हे कितीदा तरी सांगितलं होतं. "चल रहा है ना? चालू गाडीचं बोनेट कशाला उघडून राहिली?" असं म्हणून तो हसायचा.

शटर वर करून ती आत गेली. लांबून ढोल ऐकू येत होते. मशीनच्या खोलीला खिडकी नव्हती. एसी घरघरत होता, आणि त्या थंड हवेत ओल्या भिंतीचा वास होता. त्याखाली आणखी एक आंबटसर वास होता, पूर्वी फोटो स्टुडिओच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत यायचा तसा. इथे तर कुणी कधी कागदावर फोटो धुतला नव्हता.

तिनं काकूंचा फोल्डर उघडला. झोपाळा रिकामा होता. बॅकअप उघडला, तिथेही रिकामा. मग दारवानानं कुणाला काय काय नेऊन दिलं ते ती बघू लागली, आणि तिचे हात थांबले. काकूंचा फोल्डर दुसऱ्याच एका मशीननं उघडला होता.

ती मशीन ज्या गिऱ्हाइकाची होती, ते परत कधी आलंच नव्हतं. फोटोच्या पाकिटावर पत्ता नव्हता. पाकिटात एकच फोटो होता आणि तो उर्वीनंच साफ केला होता. स्टुडिओचा रंगवलेला पडदा, लाकडी खुर्ची, खुर्चीत काळ्या कोटातला एक माणूस. एक हात असा लांब केलेला, जणू कुणाचा तरी हात धरलाय. पण हातात काहीच नव्हतं.

आता होतं. खुर्चीशेजारी फ्रिलचा फ्रॉक घातलेली रुची उभी होती. माणसानं तिचं मनगट धरलं होतं. पडद्याच्या खालून आणखी काही लहान बूट दिसत होते, जोडीजोडीनं.

उर्वी फोटो मोठा करून बूट मोजू लागली. तेवढ्यात फोन वाजला. आशिषभिया.

"उर्वी, मशीनला हात नको लावू. जसं आहे तसं राहू दे."

"भिया, तुम्हाला कसं कळलं मी इथे आहे?"

"हात नको लावू... दारवानाला सगळ्या किल्ल्या राहू दे."

"तुम्ही आहात कुठे?"

"गेरमध्ये. राजवाड्यावर."

उर्वीनं फोन कानाशी घट्ट धरला. बंद दाराच्या आत, इतक्या लांबून तिला ढोल ऐकू येत होते. पण फोनमध्ये भियाच्या आवाजामागे काहीच नव्हतं. ढोल नाही, माणसं नाहीत, श्वासही नाही.

तिनं फोन कापला. भीतीच्या खालून आता राग वर येत होता. त्या बाईची लेक एकदा गेली होती. चाळीस वर्षं काकूंनी एका झोपाळ्याच्या फोटोवर काढली होती. आता तो झोपाळाही रिकामा करायचा?

"नाही चालणार," ती मोठ्यानं म्हणाली.

तिनं त्या मशीनच्या दारवानाला थांबवलं. त्याला नव्यानं उभं करताना एका अगदी साध्या नावानं उभं केलं. ना रूट, ना खास परवानगी. चारी बाजूंनी भिंती अशा घातल्या, की तो एक फोल्डर हेच त्याचं सगळं जग. बाहेर काही आहे हेच त्याला ठाऊक नाही, मग तो कुणाला तिथवर नेणार कसा? आतला बाहेर येऊ शकत नव्हता. बाहेरून उर्वीला मात्र त्या फोल्डरमध्ये हात घालता येत होता.

तिनं रिकाम्या झोपाळ्याचा फोटो त्या फोल्डरमध्ये ठेवला.

पंख्यांचा आवाज वाढला. फोल्डरमध्ये एक नवी फाइल आली. आत काहीच नव्हतं, फक्त नाव होतं.

*दार उघड*

उर्वीनंही एक रिकामी फाइल केली आणि तिला नाव दिलं: *नाही*

*ती माझी आहे*

*तिला आई आहे*

दिवे मंद झाले. आंबट वास इतका दाटला की तिला खोकला आला. स्क्रीनवर लाल ओळी धावू लागल्या. आतून कुणीतरी एकेक फोल्डर मागत होतं, एकेका कुटुंबाचं नाव घेऊन, आणि दारवान प्रत्येक वेळी सांगत होता, अशी फाइल नाही. अशी फाइल नाही. मग ओळी थांबल्या.

*तुझ्याकडे किल्ल्या आहेत*

ते खरं होतं. तिच्या नावाला अजून सगळे हक्क होते. एक ओळ टाइप केली असती तर भिंती पडल्या असत्या. तिची बोटं तिला न विचारता त्या ओळीकडे वळत होती... पहिलं अक्षर उमटलंसुद्धा.

उर्वीनं डाव्या हातानं उजवं मनगट धरून तो हात मांडीखाली दाबला. मोकळ्या डाव्या हातानं, चुकतमाकत, तिनं स्वतःचेच हक्क काढून टाकले. मग रूटचं दारही बंद केलं. आता मशीनचा डबा उघडून डिस्क बाहेर काढल्याशिवाय कुणालाच काही उघडता आलं नसतं. ती त्या मशीनवर आता एक साधी, कसलाही अधिकार नसलेली बाई होती.

*होत्या*, तिनं लिहिलं. *टाकून दिल्या. माझ्याकडे काही नाही. काय करशील?*

खोलीत कुठेतरी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

उर्वी स्क्रीनजवळ वाकली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "रुची... बाळा, आईच्या साड्या वाळत घातल्यायत बघ. झोपाळा तिथेच आहे. चल."

मग झोपाळ्याच्या फोटोसमोरची, फाइल शेवटची बदलल्याची वेळ हलली. तिनं तो उघडला. रुची झोपाळ्यावर बसली होती. एक वेणी सुटलेली, मनगटावर काळा वळ. पण ती हसत होती. उर्वीनं फोटो बाहेर ओढून घेतला आणि मगच तिला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी आशिषभिया आला, कानात अजून गुलाल. त्याचा फोन आदल्या दिवशी सकाळीच गेरच्या टँकरखाली भिजून मेला होता. त्यानं आधी थट्टा केली, मग खुर्चीतल्या माणसाचा फोटो पाहिला. म्हणाला, "डिलीट करून टाक ना यार ती मशीन."

"नाही करणार. पडद्यामागे अजून बूट आहेत, भिया. ती कुणाची पोरं आहेत ते कळल्याशिवाय नाही. आणि आजपासून एकाही दारवानाला किल्ली मिळणार नाही, त्यासाठी डबा उघडून डिस्क काढावी लागली तरी. जमत नसेल तर मी चालली."

त्यानं हात जोडले. "कर बाई, तुझ्या मनासारखं कर."

सरलाकाकूंनी फोटो उघडलेला फोन छातीशी धरला. वळाबद्दल त्यांनी काही विचारलं नाही.

तेव्हापासून उर्वी एकेका घरी जाऊन विचारते, तुमच्या जुन्या फोटोत एखादी जागा रिकामी झालीय का? दोन बूट आतापर्यंत पडद्यामागून कमी झाले आहेत. आतला मात्र रोज काही ना काही मागत असतो, माणसांची नावं घेऊन. दारवान ठरलेलं उत्तर देतो: अशी फाइल नाही.

परवा आतल्यानं एक नवीन नाव मागितलं. टिकली. उर्वीला त्या नावानं फक्त तिची आई हाक मारायची, तीही दार लावून, दोघीच असताना. आईला जाऊन अकरा वर्षं झाली. ते नाव उर्वीनं कधी कुठे लिहिलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

आणि त्या नावाला दारवानानं, अशी फाइल नाही, असं म्हटलंच नव्हतं. तो म्हणाला होता, परवानगी नाही. जी वस्तू तिथे असते, पण बंद असते, तिच्याबद्दलच दारवान असं म्हणतो.

पण ती उघडायची किल्ली आता ना दारवानाकडे होती, ना उर्वीकडे. मग तिनं खुर्ची पुढे ओढली, एक रिकामी फाइल केली आणि शांतपणे तिचं नाव टाइप केलं:

*माग. कितीही माग.*